किल्ली बजाबाईच्या कमरेला

रोज सकाळी नऊच्या सुमारास बजाबाई सरकारशी खोटं बोलायची, आणि त्या एका खोट्यासाठी तिला तेवीस पोरं रांगेत उभी करावी लागायची.

सोलापूर जिल्ह्यात मंद्रूपच्या पुढं, भीमेच्या अंगाला एक गाव आहे. निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि एसटीत बसलं की मराठी. त्या गावच्या अंगणवाडीची बजाबाई सेविका. नोकरी चांगली एकतीस वर्षांची. सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी यायची आणि दोरी जमिनीवर लांब सोडायची. दोरी तिची स्वतःची. नवरा मानसिंग सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होता तेव्हा तिथल्या टाकाऊ किनारी घरी आणायचा. त्या तीनपदरी विणून तिनं दोरी केली होती आणि हातहातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. एका गाठीला एक पोर. सगळ्यात लहान बाईंच्या हाताशी, सगळ्यात मोठं शेपटीला. शेपटीची गाठ मिळणं हा मान होता, त्यासाठी रडारड व्हायची. घराघरातून पोरं निघायची, आपापली गाठ धरायची आणि डांबरी रस्ता ओलांडून वरात अंगणवाडीवर पोचायची. एकतीस वर्षांत रस्त्यात एकही पोर सुटलं नव्हतं.

यंदा शेपटीला साबेरा होती. गौस टेम्पोवाल्याची पोरगी, पुढचे दोन दात पडलेली, जूनमध्ये पहिलीला जाणारी.

तर वरात पोचायची ती नव्या इमारतीसमोर. इमारत खरोखर देखणी. बाहेरच्या भिंतीवर मोर, आगगाडी, फुगेवाला, अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं. बजाबाई पोरांना पायरीवर उभी करायची, मोबाईल काढायची आणि फोटो घ्यायची. भिंत फोटोत आलीच पाहिजे असा वरून निरोप होता. फोटो ॲपवर चढला की ‘शाळापूर्व शिक्षण’ या रकान्यापुढं हिरवी खूण उमटायची. मग बजाबाई म्हणायची, “चला रं,” आणि तीच वरात वळून समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायची. दिवसभर शिक्षण व्हायचं ते शेडमध्ये. नव्या इमारतीला कुलूप.

हे जानेवारीपासून चाललं होतं, आणि आता एप्रिल उजाडला होता.

एकतीस वर्षांत बजाबाईनं अंगणवाडी कुठं कुठं भरवली, ते ऐकलं तर हसू येईल, म्हणजे दुसऱ्याच्या पोराबद्दल असेल तर. आधी देवळाच्या कट्ट्यावर. तिथं सप्ताह लागला की सात दिवस सुट्टी. मग शाळेच्या ओसरीत. तिथं गुरुजींना गोंगाट सहन होईना. मग हे शेड, जे ग्रामपंचायतीचं खताचं गोदाम होतं. पोती हलवली तरी वास हलला नाही. त्या वासात पोरांनी गाणी म्हटली, बोटं मोजली, खिचडी खाल्ली. बजाबाईनं चिंचोक्यांवर आकडे शिकवले, बाटल्यांच्या झाकणांवर रंग शिकवले. पोरांच्या बोटांना वळण लागावं म्हणून दोरीच्या तुकड्याला गाठ मारायला आणि ती सोडायला शिकवलं. शेजारच्या गावातल्या सेविका म्हणायच्या, बजाबाईची पोरं पहिलीत गेली की बुटाची नाडी स्वतः बांधतात.

आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी साहेब यायचे, शेड बघून च् च् करायचे आणि वहीत काहीतरी लिहून घेऊन जायचे.

म्हणून इमारत मंजूर झाली तेव्हा बजाबाईला खरं वाटेना. वीट चढली, स्लॅब पडला, तरी वाटेना. डिसेंबरात रंग झाला. जानेवारीत सामानाची गाडी आली आणि तेव्हा मात्र ती रस्त्यात उभी राहून रडली. चोवीस छोट्या खुर्च्या, लाल, पिवळ्या, निळ्या. गोल टेबलं. लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, चित्रांची पुस्तकं. अक्षरांचा गालिचा. भिंतीवर टीव्ही. मदतनीस निंगव्वा एकेका खुर्चीवरून पदर फिरवत कानडीत काहीतरी पुटपुटत होती. बजाबाईनं हिशेब घातला. तीस एप्रिलला आपण रिटायर. म्हणजे तीन-साडेतीन महिने तरी मिळतील. मोठ्या गटातली नऊ पोरं जूनमध्ये पहिलीला जातील, पण जायच्या आधी एवढं तरी बघून जातील.

एवढंच तिचं मागणं होतं. ह्या पोरांनी ह्या खोलीत बसावं, आपल्या डोळ्यांदेखत.

सुपरवायझर अपेक्षा मॅडम सामान मोजायला आल्या. तरुण पोरगी, दमलेली, स्कूटीवर तीस अंगणवाड्या फिरणारी. यादी वाचत गेल्या, बजाबाई सही करत गेली. खुर्च्या चोवीस, सुस्थितीत. टेबलं सहा, सुस्थितीत. मग किल्ली हातात देऊन म्हणाल्या, “बाई, उद्घाटन होईपर्यंत आत कुणी जायचं नाही हं. एक जरी ओरखडा उठला तर वस्तू तुमच्या ताब्यात आहेत.”

“उद्घाटन कदी?”

“सव्वीस जानेवारीला. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

त्या दिवशी पोरांना दहा मिनिटं आत नेलं. खुर्च्यांवर बसवलं, हातात ठोकळे दिले, टीव्ही लावला. मॅडमनी चौदा फोटो काढले. मग ठोकळे परत घेतले आणि पोरांना उठवलं. साबेरा लाल खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. तिला बजाबाईनं उचललं. त्या चौदा फोटोंवर वरती कळवलं गेलं, की अमुक केंद्रात आनंददायी शिक्षण सुरू झालं. कागदावर साबेरा त्या खुर्चीवरून उठलीच नाही.

सव्वीस जानेवारीला दाराला लाल रिबीन बांधली. मंडप पडला. पाहुणे आलेच नाहीत, त्यांना दुसरीकडं दोन उद्घाटनं होती. मग शिवजयंती ठरली. मग आचारसंहिता लागली. मग महिला दिन. मग असं निघालं की कोनशिलेवर ज्यांचं नाव घालायचं त्यांच्यावर गावात एकमत नाही. सयाजी म्हणून गावचे एक पुढारी आहेत, ते म्हणाले, “जागा आमच्या वार्डात, पाहुना आमचाच.” दुसरी बाजू म्हणाली, फंड आमच्या माणसानं आणला. नावाची जागा कोरी सोडून बाकीची कोनशिला कोरून तयार, भिंतीत बसवून वर पिवळं फडकं. नळाला अजून पाणी आलं नव्हतं, संडासाची टाकी जोडायची राहिली होती, पण कोनशिला तयार होती. कशाची घाई करायची हे माणसांना बरोबर कळतं.

पाडवाही गेला. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्रा म्हणजे काय, हे त्याखाली बसल्याशिवाय कळायचं नाही. अकराच्या आतच शेडमध्ये तवा तापल्यासारखं व्हायचं. पोरं खिचडीसुद्धा अर्धी टाकायची. बारकी बारकी तर बसल्या जागी कलंडायची. आणि समोर, वीस पावलांवर, पक्क्या स्लॅबखाली चार पंखे बंद.

बजाबाईनं विचारलं नाही असं नाही. मार्चच्या बैठकीला ती सोलापूरला गेली. त्या दिवशी प्रशिक्षणही होतं. पडद्यावर पोराच्या मेंदूचं चित्र लावून ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, की मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हा काळ एकदा गेला की परत येत नाही, एकेक दिवस मोलाचा आहे. सगळ्या सेविकांनी लिहून घेतलं. चहाच्या वेळेला बजाबाई साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“साहेब, आमची इमारत दोन महिनं झालं बंद हाय. पोरं पत्र्याखाली बसत्यात. उद्घाटन नंतर करा की, पोरांना तेवडं आत बसू द्या.”

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “बाई, एकतीस वर्षं शेडमध्ये काढलीत ना? आता एखाददुसऱ्या महिन्यानं काय होतंय?”

बजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर आलं होतं, आत्ताच तुमी पडद्यावर काय दावलं मग? त्या मेंदूला सांगा थांब म्हणून, पाहुणे यायचेत. पण ती चहाचा कप बशीसकट टेबलावर ठेवून आली. बोलायची सवय कुठं होती? एकदा, फार वर्षांपूर्वी, अंगणवाडीतला वजनकाटा चोरीला गेला तर तिला कारणे दाखवा नोटीस आली होती. ती नोटीस तिनं अजून ट्रंकेत ठेवली होती. तेव्हापासून सरकारी वस्तू म्हणजे तिला विस्तव वाटायचा. ती रोज कुलूप ओढून बघायची. खिडकीतून खुर्च्या मोजायची. चोवीस. किल्ली कमरेच्या पिशवीत, झोपतानासुद्धा तिथंच.

मग तो मंगळवार आला.

पोरं पायरीवर उभी होती, फोटो व्हायचा होता. खिडकी ठेंगणी होती, पोरांना बाहेर बघता यावं म्हणून मुद्दाम ठेंगणी केलेली. शेपटीला उभ्या साबेरानं गजातून हात घातला. लाल खुर्ची खिडकीलगतच्या चवडीत वर होती. तिनं नुसता पाय ओढला. चवड हलली आणि पाच खुर्च्या धडाधड फरशीवर आल्या.

बजाबाईनं मोबाईल पिशवीत घातला की खाली टाकला, तिला आठवत नाही. ती दोन ढांगांत पोचली आणि साबेराच्या गालावर काडकन वाजवली.

 निंगव्वाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. साबेरा रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, “बाई, मी बसत न्हवते. नुस्ता हात लावला.”

बजाबाई खिडकीला तोंड लावून आत बघत होती. कुठली तुटली, कुठली फुटली. एका खुर्चीच्या पायाचं काळं टोपण निघून लांब घरंगळलं होतं. तिनं ते बघितलं, मनात टिपलं, आणि मगच वळून पोरीकडं बघितलं. हे मागाहून तिला सगळ्यात जास्त खात राहिलं. आधी टोपण, मग पोरगी.

दुसऱ्या दिवशी शेपटीची गाठ रिकामी आली.

फोटो झाल्यावर पोरं निंगव्वावर सोडून बजाबाई गौसच्या घरी गेली. गौस टेम्पो घेऊन मार्केट यार्डात गेलेला. त्याची बायको शबाना उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. ती लगबगीनं उठली, पाट दिला, पाणी दिलं. साबेरा आत पडद्यामागं, नुसते पाय दिसत होते.

“शबाना, काल माजा हात उटला.”

“सांगितलं तिनं.” शबाना पुन्हा सूप घेऊन बसली. थोडा वेळ खडे वेचत राहिली. “बाई, एक इचारू? मी ल्हानपनी तुमच्याकडं हुते तवा काय हुतं वो आपल्याकडं? खताची पोती आन चिंचुके. मी तुमचं एक मडकं फोडलं हुतं, आटवतंय? पान्याचं. सगळी जमीन चिखल झालती.”

“व्हय.”

“तवा तुमी मला मांडीवर घेतलं हुतं. लागलं का गं, म्हनून पाय बघितला. मडक्याकडं बघितलं बी न्हाय.” तिनं सूप खाली ठेवलं. “आता सगळं आलंय, खुर्च्या आल्यात, टीवी आलाय, तर मारायला लागलाय व्हय?”

 पडद्यामागचे पाय हलले आणि आतून आवाज आला, “अम्मी, ती खुर्ची आपली न्हाय. सरकारची हाय. बाईंची बी न्हाय.”

सहा वर्षांच्या आत मेंदू किती शिकतो ते साहेबांनी सांगितलंच होतं. ही पोरगी तीन महिन्यांत हे शिकली होती. चांगली खोली असते, ती बघायची असते, ती आपली नसते. आणि हे तिला साहेबांनी शिकवलं नव्हतं, सयाजीनं शिकवलं नव्हतं. रोज सकाळी नऊ वाजता बजाबाईनंच शिकवलं होतं, फोटो काढून.

ती ताडकन उठली. संताप असा चढला होता की चप्पल उलटी घातली. साहेबांचा संताप, त्या कोऱ्या कोनशिलेचा संताप, आणि सगळ्यांत वर स्वतःचा. कुलूप कुणी लावलं होतं? साहेब सोलापुरात. पाहुणे कुठंतरी नारळ फोडत. किल्ली माझ्या कमरेला. तीन महिनं मीच डोळ्यांत तेल घालून त्या खोलीची राखण केली, कुणापासून, तर माझ्याच पोरांपासून. चोर असल्यागत.

“शबाना, पोरगी दे.”

“बाई...”

“दे म्हनते की.”

साबेरा बाहेर आली, पण हात धरेना. बजाबाईनं कमरेला गुंडाळून आणलेली दोरी सोडली, शेपटीची गाठ तिच्यापुढं धरली. पोरीनं थोडा वेळ आईकडं बघितलं आणि गाठ धरली. एकच डबा असलेली आगगाडी भर उन्हात रस्ता ओलांडून आली.

शेडसमोर बजाबाई ओरडली, “निंगव्वा! पोरं आन हिकडं. समद्यांस्नी.”

तिच्या हातात किल्ली बघून निंगव्वाचा चेहराच उतरला. घाबरली की ती कानडीत जायची. “ब्याड री, बाई, ब्याड! नको! नोटीस येतंय!”

“येऊ दे. ट्रंकेत एक हाय, तिला जोडीदार हुईल.”

दारावर अजून ती जानेवारीतली रिबीन होती, उन्हानं गुलाबी पडलेली, मंडपवाल्यानं दोन्ही कड्यांना आवळून बांधलेली. निंगव्वा विळी आणायला वळली. बजाबाईनं तिला अडवलं.

“कापायची न्हाय. साबेरा, हिकडं ये. गाठ सोड.”

साबेरानं वर बघितलं. मग चवड्यांवर उभी राहिली आणि गाठीला नख लावलं. गाठ जुनी होती, आवळून बसलेली. पोरीनं घाई केली नाही. शिकवलं होतं तसं आधी कुठला पदर वरचा ते बघितलं, मग तो ढिला केला, मग बोट घातलं. बावीस पोरं आणि दोन बायका उन्हात उभ्या राहून एका बोटाकडं बघत होत्या. रिबीन सुटून खाली पडली.

बजाबाईनं कुलूप काढलं, पंखे लावले. पोरं आत शिरली ती ठोकळ्यांवर तुटून पडली. मणी सांडले, पुस्तकं उघडली, एकानं गालिच्यावर कोलांटी मारली. साबेरा मात्र लाल खुर्चीपाशी नुसती उभी. टोपण निघालेली तीच खुर्ची. तिनं मागं वळून विचारलं, “बसू?”

बजाबाईला रागच आला. पाच वर्षांच्या पोरीनं बसू का म्हणून विचारावं! “आता कुनाला इचारायचं न्हाय,” ती म्हणाली, “तुजी हाय. बस.”

पोरगी बसली. खुर्ची एका बाजूला जराशी डुगडुगली, तर ती हसली आणि मुद्दामच डुगडुगायला लागली.

बजाबाईनं दिवसातला दुसरा फोटो काढला आणि ॲपवर चढवला. हिरवी खूण उमटली. कालच्यासारखीच, परवासारखीच. मग तिनं तोच फोटो सेविकांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासानं अपेक्षा मॅडमचा फोन आला. बजाबाईनं पदर खोचला आणि फोन उचलला.

“बाई, आजचा फोटो किती छान आलाय! मुलं अगदी नॅचरल वाटतायत. फोटोपुरतं आत बसवलंत ते बरं केलंत. मी साहेबांना फॉरवर्ड केला. रोज असाच काढत जा ना.”

बजाबाईला वाटलं आपण खदखदा हसू, पण आवाज निघाला तो वेगळाच. “मॅडम, आज पोरं खरंच आत बसल्यात.”

फोनवर स्कूटीचा आवाज बंद झाला. मॅडमनी गाडी बाजूला घेतली असावी.

“म्हणजे? उद्घाटन?”

“झालं की.”

“कुणाच्या हस्ते?”

“साबेराच्या. गौस टेम्पोवाल्याची थोरली.”

“बाई, तुम्हाला कळतंय का काय केलंत? तीस तारखेला तुमची रिटायरमेंट आहे. साहेब मला विचारतील, परवानगी नसताना मुलं आत कशी गेली. मी काय सांगू?”

“सांगा की, जानेवारीपासनंच आत हायत,” बजाबाई म्हणाली. “तुमच्याच कागदात हाय. चौदा फोटू हायत त्येचे. मला नोटीस काडायची तर आदी तेवडं खोटं हुतं म्हनून लिवून द्या, मग काडा.”

 मग अपेक्षा मॅडम हळूच म्हणाल्या, “पंखे चालू आहेत का?” आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

बजाबाई मागं वळली. अक्षरांच्या गालिच्यावर कुणीतरी खिचडी सांडली होती, चांगली वाटीभर. निंगव्वा फडकं घेऊन धावत आली. बजाबाईनं फडकं तिच्या हातातून काढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आदी पोरांना जेवू दे.”